भागाबाईची पायरी

धुरपदाबाईने पहारीचं टोक पायरीखाली सारलं आणि सगळा भार दांड्यावर टाकला. धोंडा हलला. त्याच्यापुढे टेकवलेला झिजका पाटा मात्र तिने हातांनीच उचलला, पदराने पुसला आणि आत नेऊन ठेवला.

"माझा पाटा नीट ठेव वं!" समोरच्या ओट्यावरून भागाबाई ओरडली.

"तुझा कधीपासून झाला? माझ्या सासूचा आहे तो."

"चढतं कोण त्याच्यावर? मीच ना? मग माझा."

बोलण्यात भागाबाई कुणाला हार जायची नाही. हार खाल्ली होती ती फक्त तिच्या गुडघ्यांनी. धुरपदाबाईचा ओटा उंच, एक पायरी तिला पुरेना, म्हणून दोन वर्षांमागे हा पाटा खास तिच्यासाठी खाली लावलेला. दुपारची जेवणं झाली की भागाबाई आपल्या बुटक्या ओट्यावरून उतरायची, गल्ली ओलांडायची, पाट्यावर पाय देऊन वर यायची. मग वाती वळत दोघी मन मोकळं करायच्या. भागाबाईच्या घरी ते जमण्यातलं नव्हतं. तिच्या सुनेचे कान फार तिखट.

आज बुधवारा पेठेतल्या या गल्लीत सगळेच धोंडे उचलत होते. महिन्यापूर्वी नगरपालिकेच्या माणसांनी घराघरांवर गेरूच्या खुणा करून ठेवल्या होत्या. कारभार नागपूरहून भोपाळला गेला काय आणि नव्या राज्याला लगेच रुंद रस्ते हवे झाले! कापसाच्या गाड्या आणि मोटारी आता इथूनच जायच्या होत्या, म्हणून दोन्ही बाजूंचं तीन-तीन हात पाडायचं ठरलं. धुरपदाबाईचं घर म्हणजे एक ओटा नि एक खोली. तीन हात गेले तर चूल रस्त्यावर येणार. नवऱ्याने मागे ठेवलेलं एवढंच होतं. खूण झाली त्या दिवशी तिने ती पेटवलीच नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या सुधाकर मास्तरांनी झकास हिंदीत अर्ज लिहिला. गल्ली मुळातच रुंद आहे, दोन भरल्या गाड्या आरामात जातात, बारा महिने ती अशीच मोकळी असते. खाली सगळ्यांचे अंगठे. नगरपालिकेचे ओव्हरसियरसाहेब म्हणाले, ठीक आहे, गाड्या घालूनच बघू.

पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. दर पोळ्याला बैल जायचे म्हणून लोक पायऱ्या, खाटा, रांजण सगळं आत ओढत आणि संध्याकाळी पुन्हा मांडत. हातांना सवयच होती. आज बैल तेवढे सजलेले नव्हते.

दहाच्या सुमाराला साहेब आले. देडतलाई गावचा गाडीवान कौतिक कापसाने फुगलेली गाडी घेऊन एका टोकाने निघाला, दुसरी गाडी दुसऱ्या टोकाने. नेमक्या धुरपदाबाईच्या दारात दोन्ही समोरासमोर आल्या. तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा कौतिकच्या गाडीचं चाक ओट्यापासून चार बोटांवरून पुढे गेलं होतं.

"वाह!" साहेब म्हणाले. "रास्ता तो सचमुच चौड़ा है. किसी का घर नहीं टूटेगा."

गल्लीत एकच गलका झाला. भागाबाईने तिकडून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. धुरपदाबाईला रडूच कोसळलं.

"बस, आज जैसा है वैसा ही रहे," साहेब कागदावर लिहीत म्हणाले. "कल से मोटरें भी चलेंगी. सीढ़ी, पत्थर, कुछ भी बाहर दिखा तो उठवा लेंगे."

मास्तर दोन पावलं पुढे झाले आणि तिथेच थांबले. बोलणार काय, कपाळ? साहेबांच्या हातात त्यांचाच अर्ज होता, गल्ली बारा महिने मोकळी असते म्हणणारा. त्यावर चौथा अंगठा भागाबाईचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भागाबाई सवयीने आली. ओट्यापाशी थांबली. पाय उचलून पाहिला, पुन्हा खाली ठेवला आणि उगाच हसली.

"राहू दे माय. इथूनच बोलते."

तेवढ्यात मोटारीने मागून असा भोंगा वाजवला की बिचारी लटपटत घरी परतली. मग धुरपदाबाई मागच्या दाराने, भागाबाईच्या गुडघ्यांना झेपला नसता एवढा लांब वळसा बोळातून घालून तिच्याकडे जाऊन आली. सून शेजारीच डाळ निवडत बसलेली. थंडी फार पडली, वांगी महाग झाली, एवढंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी दोघी आपापल्या ओट्यावर होत्या. मधून गाड्या जात होत्या. भागाबाईने नुसता हात हलवला. धुरपदाबाईच्या मांडीवरचा कापूस तसाच राहिला. घर वाचलं होतं आणि तिला घरात करमत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी गल्लीत दणके ऐकू येऊ लागले. भागाबाईने बाहेर येऊन पाहिलं, तर धुरपदाबाई पहार घेऊन स्वतःच्याच ओट्यावर घाव घालत होती. गुडघे विसरून भागाबाई रस्ता ओलांडून आली.

"अवं बाई, डोकं फिरलं का? देव पाण्यात घालून घर वाचवलंस, आन् आता आपल्याच हाताने फोडतेस?"

धुरपदाबाईने पहार खाली ठेवली. तिने सुटलेले दगड बाजूला केले. ओट्यात हातभर रुंद, आतपर्यंत गेलेली खाच झाली होती, थेट जमिनीपर्यंत. त्यात तिने पायरीचा धोंडा रेटत रेटत बसवला. मग आतून पाटा आणला आणि त्याच्यापुढे, खाचेतच टेकवला. रस्त्यावर बोटभरही काही आलं नव्हतं.

पदराने घाम पुसून तिने हात पुढे केला.

"पाय टाकून बघ. उंच वाटला तर अजून फोडते."