उलट्या रिंगचा कॅमेरा

माझ्या कॅमेऱ्याला दादा वीस वर्षं ‘उलटा’ म्हणत आलाय. जवळचं स्पष्ट दिसायला त्याच्या कॅमेऱ्याची फोकसची रिंग उजवीकडे फिरवायची, माझ्या कॅमेऱ्याची डावीकडे. एवढाच काय तो फरक. पण त्याचं ते सरळ आणि माझं ते उलटं, हे लहानपणापासूनच ठरलेलं.

बाबांना दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी कॅमेरा माझ्या गळ्यात होता. लांबलचक व्हरांड्यातून बाबा हसत आमच्याकडे येऊ लागले आणि दादाने पट्ट्यासकट कॅमेरा ओढून घेतला. “सोड, तुला नाही जमायचं.”

बाबा जवळ येत होते आणि याचा हात सवयीने उजवीकडेच वळत होता. “अरे, डावीकडे!” मी ओरडले. “मला शिकवू नकोस,” म्हणत त्याने तीनदा बटण दाबलं. महिन्याभरात बाबा गेले.

आज तो माझ्या स्टुडिओत येऊन बसलाय. बाबांचा हसरा फोटो त्याला दिवाणखान्यात लावायचाय, आणि हसरे फोटो तेवढे तीनच.

“चेहरा जरा स्पष्ट करून दे,” तो म्हणाला. “तुझ्या त्या खटाऱ्याने सगळी घाण केलीय.”

मी तिन्ही फोटो त्याच्यापुढे आपटले. बाबांच्या जागी नुसता धुरकट डाग. मागे व्हरांड्याच्या टोकाचं दार मात्र कडीकोयंड्यासकट लख्ख.

“दार झकास आलंय, दादा,” मी म्हटलं. “तेच लाव भिंतीवर. फ्रेम माझ्याकडून.”