काठात अडकलेला मका

मी एक मापाचा डबा बोलतोय. कोंबड्यांच्या खुराड्यात, दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो. आत डोकावलात तर तळाला गंज दिसेल आणि काठावरून बोट फिरवलंत तर एका जागी दुमड उघडी लागेल. ती दुमड लक्षात असू द्या, कारण माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं जे घडलं ते तिच्यामुळेच.

मी जन्मानं तेलाचा डबा. या घरचे आजोबा पत्र्याची कामं करायचे. आजींना खाद्य मापायला काहीतरी हवं होतं, आणि आजींना हवं म्हणजे आत्ताच हवं. आजोबांनी मला कापलं, कान जोडला, काठ आत दुमडला आणि घाईघाईत बोटभर दुमड दाबायची राहून गेली. "लोकांची कामं नेटकी आणि घरचं हे असं," आजी म्हणाल्या. पुढे बारा वर्षं खाद्य घेताना त्या हे रोज एकदा तरी म्हणायच्या. आजोबा हसायचे, पण दुमड त्यांनी कधी दाबली नाही.

मग आजी गेल्या. खुराडंही हळूहळू रिकामं झालं. शेवटी त्यांची लाडकी ठिपक्यांची कोंबडी तेवढी उरली. तिनं अकरा पिल्लं काढली, आणि पिल्लं दहा दिवसांची झाली तोच ती कोंबडीही गेली. सूनबाईंनी पिल्लं खोक्यात घालून दिव्याच्या उबेला ठेवली. आजोबा खोक्याशी बसून म्हणाले, "ही जगली तर तुझ्या सासूचं काहीतरी या घरात हलतं-बोलतं राहील." आजोबा असं सहसा बोलत नाहीत. सूनबाईंनी खोक्यावरची जाळी नीट केली.

सूनबाई दवाखान्यात बाळांची वजनं घेतात. साहजिकच पिल्लांची वजनंही सुरू झाली. दर रविवारी मला काट्यावर ठेवायचं, माझं वजन वजा करायचं आणि एकेक पिल्लू माझ्यात बसवायचं. खाद्यही त्यांनी विचारून आणलं होतं. पोत्यावर ठळक आकडा होता, प्रथिनं वीस टक्के. "लहान पिल्लांना इतकी लागतातच बाबा. पिसं त्यातूनच येतात, अंगही त्यातूनच भरतं. सकाळी एक डबा, संध्याकाळी एक." आजोबांनी मान डोलावली. सूनबाई कामावर गेल्या की खाऊ घालणं त्यांच्याकडे.

तिसऱ्या आठवड्यात वजनं अडली. चौथ्या आठवड्यात पिल्लं हाताला हलकी लागू लागली. पिसं यायची तिथं उघडी कातडी दिसायची आणि पिल्लं एकमेकांच्या शेपट्या टोचायची. एक दिवस सगळ्यात धाकटं पिल्लू कोपऱ्यात मरून पडलेलं सापडलं. पाठ सोललेली होती. आजोबांनी ते ओंजळीत घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

मला सगळं ठाऊक होतं. मी काही भिंतीवरचं चित्र नाही, माझ्यातूनच तर सगळं जात होतं. आजोबा मला अर्धा खाद्यानं भरायचे आणि उरलेला अर्धा भरडलेल्या मक्यानं. मका बघितला की पिल्लं एकमेकांच्या अंगावरून धावत यायची. आजीही आपल्या कोंबड्यांपुढे मूठभर मका टाकायच्या, ते आजोबांनी वर्षानुवर्षं बघितलेलं. त्या कोंबड्या मोठ्या, अंगानं भरलेल्या होत्या, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही. पिल्लं वीतभरही नव्हती.

खाद्यवाला नवीन पोती घेऊन आला तेव्हा सूनबाईंनी त्याला खोकं दाखवलं.

"पिसं बघता खाणं कमी पडतंय ताई. यांना दुसरं काही घालता का?"

"काही नाही. फक्त तुमचंच."

आजोबा शेजारीच उभे होते. त्यांनी मक्याचं नाव काढलं नाही. ते खोटारडे नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगतो. त्यांच्या लेखी मका हे खाणंच नव्हतं, तो लाड होता. माणसांचं हे मी पुष्कळदा बघितलंय. जेवण मोजतील, पथ्य पाळतील, पण प्रेमानं हातावर ठेवलेलं काही हिशेबात धरणार नाहीत.

"मग मांसाच्या कोंबड्यांचं चोवीस टक्क्यांचं देऊ?" सूनबाईंनी विचारलं.

खाद्यवाल्यानं डोकं खाजवलं. "देता येईल, पण मन घेत नाही. जास्तीची प्रथिनं अंगी लागत नाहीत ताई, विष्ठेतून जातात. खालचा भुसा ओला होतो, वास डोळ्यांत जातो. वीसमध्ये भागायला हवं. आणि ते अंड्यावरच्या कोंबड्यांचं तर चुकूनही देऊ नका. त्यात चुना भरपूर, लहानांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. मी दुपारी परत येतो, तोवर ठरवा."

सूनबाईंनी ठरवण्याआधी एकदा वजन घ्यायचं म्हणून मला उचललं. सवयीनं उलटा करून काट्यावर आपटलं. आणि माझ्या उघड्या दुमडीतून एक पिवळा कण काट्यावर पडला.

त्यांनी काठात नख फिरवलं. आणखी चार कण निघाले.

"बाबा, यात मका कसा?"

"तो होय. तो जरा लाडाचा."

"किती घालता?"

"अर्धा. बाकी अर्धं तुझंच असतं की."

सूनबाई खोक्याशेजारी खाली बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, आजोबांना तेच सोपं गेलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "मक्यात प्रथिनं आठ टक्के असतील नसतील. खाद्यात वीस. अर्धं-अर्धं म्हणजे चौदा झाली बाबा. पोट भरत होतं त्यांचं, अंग नाही."

आजोबा खोक्याकडे बघत राहिले. "म्हणजे ते धाकटं माझ्यामुळे गेलं."

सूनबाई नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी आजोबांचा हात धरला आणि म्हणाल्या, "दहा आहेत अजून. आणि खाऊ तुम्हीच घालायचं."

दुपारी खाद्यवाला आला तेव्हा चोवीसचं पोतं घेतलंच नाही. मका आजोबांनी स्वतः माळ्यावर टाकला. पुढच्या रविवारी काटा हलला, त्याच्या पुढच्या रविवारी चांगलाच हलला. सहाव्या आठवड्यात एका पिल्लाच्या पंखावर ठिपके उमटले. आजोबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "हिच्याच कोंबडीचे." दोन महिने झाल्यावर खाद्य सोळा टक्क्यांवर आलं, कारण वाढत्या अंगाला पहिल्याइतकं लागत नाही. पाचव्या महिन्यात अंड्यावरचं सुरू झालं तेव्हा कुठे माळ्यावरचा मका खाली उतरला. तोही संध्याकाळी, मूठभर.

आता माझा तळ गळतो. खाद्यासाठी प्लास्टिकचा डबा आलाय. परवा सूनबाईंनी मला टाकायला काढलं होतं.

"राहू दे गं," आजोबा म्हणाले.

"मग दुमड तरी दाबून टाका बाबा. हात कापतो."

"ती तशीच राहू दे. तुझी सासू बारा वर्षं त्या दुमडीवरून बोलली. पण त्या दुमडीमुळेच दहा वाचली."

आता खुराड्यात नवी पिल्लं आहेत, त्या दहांचीच. रोज सकाळी आजोबा नवा डबा भरण्याआधी मला खिळ्यावरून काढतात आणि काठात नख फिरवतात. माझ्यात काही नसतं, हे त्यांनाही माहीत आहे. तरी फिरवतात, आणि मग मला परत टांगून पिल्लांकडे वळतात. तुम्हीही कुणाला जीव लावून भरवत असाल, तर कधीतरी आपल्या डब्याच्या काठात नख फिरवून बघा. माझी एवढीच विनंती.