डेल कोचची ढकलगाडी

मी एक जुनी लोखंडी ढकलगाडी आहे. मला चाके नाहीत. समोर पाच जाड गाद्या आहेत आणि मागे एका माणसाला उभे राहण्यापुरती फळी. अमेरिकेत ओहायोतल्या एका शाळेच्या मैदानावर धक्के खाण्यात माझा जन्म गेला.

मित्रांनो, आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात. पळणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. त्याला वाट करून देणारे पाच आडदांड गडी मात्र समोरच्यांना नुसते रेटत असतात. चेंडू त्यांच्या वाट्याला येत नाही. डेल ह्रुस्का त्यांतलाच एक. चौदाव्या वर्षी त्याने मला पहिल्यांदा खांदा लावला आणि मी दहा हात मागे सरकले. पुढे तो मोठ्या व्यावसायिक संघात अकरा वर्षे खेळला. गुडघे गेले, डोक्याला मार बसला, संसार मोडला. मग तो गावी परतला आणि रेटणाऱ्या पोरांचा कोच झाला.

रोज तो माझ्या फळीवर उभा राही. पोरे वाकत.

"कितीवर?" तो विचारी.

"दोनवर, कोच!"

तो "एक, दोन" म्हणे आणि दोनला पाचही जण मला धडकत. त्याआधी कुणी हलले की त्याचा पारा चढे. "काय रे, आजीने ताटात गरम पिरोगी वाढून ठेवलेत का समोर? एवढी कसली घाई?"

सराव संपला की पोरे घरी जात. तो माझ्या फळीवर बसून डबा खाई आणि माझ्या सांध्यांना तेल घाली. त्याला घरी कुणी नव्हते, आणि मलाही त्याच्याशिवाय कुणी नव्हते.

अशी एकोणीस वर्षे गेली. मग तो विसरू लागला. मुख्य कोच नॉर्ब त्याचा जुना मित्र, पण तो स्पष्टच म्हणाला, "डेल, तुझा हुकूम चुकला तर एखादं पोर मान मोडून घेईल. एकदा जरी चुकलास, तर तुला घरी बसवावं लागेल मला."

दुसऱ्या दिवशी नॉर्ब मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला. डेल फळीवर चढला. "एक," म्हणाला, आणि थांबला. पोरे वाकलेली, मुठी चिखलात, मांड्या थरथरताहेत. तो नुसताच आकाशाकडे बघत होता.

आणि हुकूम नसताना पाचही जण एकदम मला धडकले.

"हळू बोललात, कोच, पण ऐकू आलं आम्हाला," मधला टायरेल मोठ्याने म्हणाला. नॉर्बने मान डोलावली आणि तो वळला.

डेल खाली उतरला. "मी दोन म्हणालोच नव्हतो."

कुणी वर बघेना.

"शब्दाआधी हलायचं नाही, एवढंच तर शिकवलं. आणि माझ्यासाठी हललात होय रे, गाढवांनो?" त्याने एकेकाच्या हेल्मेटवर हात ठेवला. मग लंगडत नॉर्बला गाठले आणि स्वतःच सगळे सांगून टाकले.

आता डेल घरी असतो आणि माझ्या फळीवर वाळूची पोती असतात. वजन तेवढेच भरते. पोती पोरांना रागावत मात्र नाहीत. माझे सांधे गंजले आहेत, पण मित्रांनो, मी तेल मागत नाही. दुसऱ्यांना वाट करून देताना मार खाल्लेला असा कुणीतरी तुमच्याही गावात एकटा बसलेला असेल. त्याच्याकडे जा. तो तुमचे नाव विसरेल. पुन्हा सांगा.