मिओ रडली नव्हती

पेडण्याच्या हायस्कुलात कमलाक्षी बाईंनी उभा जन्म चित्रकला शिकवली. नोकरीच्या शेवटच्या वर्षी आठवीच्या वर्गात एकाला बाकाखाली पुस्तक लपवून वाचताना त्यांनी पकडलं. जपानी चित्रकथेचं पुस्तक होतं. मुलगे ज्याला मांगा म्हणतात ते. बाईंनी ते जप्त केलं, स्टाफरूममध्ये सहज चाळायला घेतलं आणि शाळा सुटल्यावर त्या मुलाला बोलावून परत दिलं. देताना विचारलं, दुसरा भाग आहे का तुझ्याकडे?

‘आइस फेरी’ असं त्या मालिकेचं नाव. एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर बर्फ वाहून नेणारं एक जुनाट जहाज, ते हाकणारी मिओ नावाची पोरगी आणि यंत्रघर सांभाळणारा म्हातारा ताकुमा. बाईंनी निवृत्तीनंतर एकेक करून सगळे भाग मागवले. शेजारपाजारचे हसत, या वयात हे काय खूळ म्हणत. बाई त्यांच्यापुढे पुस्तक उघडून धरत आणि सांगत, गोष्ट राहू दे, रेषा बघा.

सेजल ही बाईंची भाची, भावाची मुलगी. घर हळर्णला, नोकरी मांद्र्याच्या एका गेस्टहाऊसच्या हिशेबखात्यात. रोज हळर्णहून जाण्यायेण्यापेक्षा आतेकडे पेडण्याला राहिलेलं बरं, म्हणून ती राहायला आली, आणि त्याच सुमारास बाईंचे डोळे गेले. अगदी आंधळ्या नाही झाल्या. बघतील तिथं मधोमध एक काळपट डाग आणि कडेचं तेवढं दिसायचं. पणजीच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत यायची नाही, इंजेक्शनांनी उरलेली टिकली तर टिकेल. बाईंनी भाऊ आणि सेजल सोडून कोणालाही हे कळू दिलं नाही. बाजाराची वाट पायांना पाठ होती. कोणी हाक मारली की आवाजाच्या दिशेनं हसायचं, एवढं त्यांनी जमवून घेतलं होतं.

मग ‘आइस फेरी’ टीव्हीवर आली. संवाद इंग्रजीत होते, ते बाईंना ऐकून कळायचे. पण पात्रं गप्प झाली की त्यांचं अडायचं. मग त्या विचारत, “आता काय दिसतंय गो?” सेजल सांगायची. सुरुवातीला अगदी मन लावून सांगायची, जहाजाचा रंग कसा, मिओच्या केसांत पिन आहे का, बर्फावर उजेड कुठून पडलाय. आते डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, हे पुस्तकात डावीकडून होतं, यांनी फिरवलं. तिच्या डोक्यात पुस्तकाचं पानन् पान होतं.

पण रोज रोज दुसऱ्याचे डोळे होणं सोपं नसतं. दिवसभर आकड्यांत मान मोडून आलेली सेजल हळूहळू कंटाळली. हातात फोन असायचा. आतेचा प्रश्न आला की मान वर करायची, जे असेल ते दोन शब्दांत सांगायची आणि पुन्हा मान खाली. एखाददुसऱ्या वेळी मान वर करायचाही आळस केला. अंदाजानं सांगितलं आणि ते खपून गेलं. एकदा खपलं की पुढं सवयच होते.

ताकुमा मरतो तो भाग लागला त्या संध्याकाळी तिचं सिद्धेशशी बिनसलं होतं. सिद्धेश बाहेरगावी कामाला. दोघांचं लग्नाचं ठरल्यासारखं होतं, पण चार दिवस तो हो-नाही एवढीच उत्तरं देत होता. सेजल त्याला लांबलचक काहीतरी लिहीत होती. टीव्हीवर ताकुमा जहाजाची दुरुस्ती करायला बाहेर पडला, त्याची दोरी तुटली. मग बोलणं थांबलं. रेडिओवरून येणारा त्याच्या श्वासाचा आवाज तेवढा उरला, बराच वेळ. शेवटी टक् असा एक आवाज झाला आणि सगळं शांत.

“काय दाखवलं?” आतेनं विचारलं. या पानांची ती कितीतरी दिवस वाट बघत होती.

सेजलनं मान वर केली तेव्हा शेवटची नावं वर सरकत होती. मागं नेऊन बघता आलं असतं. तिनं नाही बघितलं.

“हात हलवतो तो,” ती म्हणाली. “लांब लांब जातो. मिओ रडते.”

“रडते?”

“होय आते, खूप रडते.”

बाई म्हणाल्या, “रडवलीच शेवटी.” आणि उठून आत गेल्या.

पुढच्याच महिन्यात तालुक्याच्या वाचक मंडळानं बाईंना बोलायला बोलावलं. मंडळाचे कृष्णनाथ हे बाईंचे जुने विद्यार्थी. पुस्तक आणि पडदा या विषयावर काहीही बोला, म्हणाले. बाईंनी ताकुमाचं प्रकरण घेतलं. तेच कागदावर कसं आहे आणि टीव्हीवर कसं केलं, ते सांगायचं. कागद बघून बोलता येणार नव्हतं, म्हणून त्यांनी अख्खं भाषण पाठ केलं. अंगणातल्या तुळशीपाशी येरझाऱ्या घालत त्या वाक्यं म्हणायच्या आणि आत केस विंचरणाऱ्या सेजलला ती ऐकू यायची. “जिथं चित्रकारानं कोणाला रडवलं नाही, तिथं टीव्हीवाल्यांनी मुलीला धाय मोकलून रडायला लावलं.” हे वाक्य सेजलनं पुन्हा पुन्हा ऐकलं. दरवेळी ती स्वतःला समजवायची की पेडण्यात हे बघणारं आहे कोण.

वाचनालयाच्या सभागृहात बऱ्यापैकी माणसं जमली. बाईंच्या हाताखालून गेलेली बरीच होती. सेजल पुढं लॅपटॉप घेऊन बसली होती, पुस्तकातली पानं पडद्यावर दाखवायला. बाई फार सुंदर बोलल्या. ती तीन पानं त्यांनी न बघता उलगडली. पहिल्या पानावर काचेवर टेकलेला मिओचा तळहात. दुसऱ्यावर ताकुमाच्या शिरस्त्राणाचा दिवा, चौकटीगणिक बारीक होत गेलेला. तिसरं पान जवळजवळ कोरं, फक्त एक ठिपका. एकही शब्द नाही. सभागृहात कोणी हलत नव्हतं.

मग त्या टीव्हीकडे वळल्या आणि त्यांचा आवाज चढला. टीव्हीवाल्यांना बघणाऱ्याचा भरवसा नाही, म्हणाल्या. म्हाताऱ्याला निरोपाचा हात हलवायला लावला, पोरीला रडवलं. भित्र्या माणसांचं काम आहे हे, मुलांनो. हात हलला, डोळ्यांतून पाणी आलं, म्हणजे लोकांना कळेल असं त्यांना वाटतं.

टाळ्या झाल्या. कोणाला काही विचारायचं आहे का, असं कृष्णनाथांनी म्हटल्यावर मागच्या रांगेत एक मुलगी उभी राहिली. नाव अर्चना म्हणाली, मूळ बेळगावकडची, डिचोलीला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला. बोलावं की नाही असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

“बाई, माफ करा,” ती म्हणाली. “टीव्हीत मिओ रडत नाही. कोणी हात पण हलवत नाही. ताकुमा तिथं दाखवलाच नाही. सगळा वेळ नुसता मिओचा चेहरा आहे आणि त्याचा श्वास ऐकू येतो. मग ती हात लांब करते आणि रेडिओ बंद करते. तो टक् आवाज तिचा आहे.”

दोन-तीन तरुण पोरांनी माना डोलावल्या. त्यांनीही बघितलं होतं.

बाईंचा चेहरा सेजलला बाजूनं दिसत होता. तो तिच्याकडे वळला नाही. वळला असता तर बरं, असं तिला वाटलं. ती उठून म्हणू शकत होती की हे मी सांगितलं, चूक माझी. तिनं लॅपटॉपच्या कडेवर बोटं दाबून धरली आणि बसून राहिली.

“तिनं बंद केला?” बाईंनी हळू विचारलं.

“होय बाई. तिला ऐकवेना.”

“मग मी चुकले,” बाई म्हणाल्या. “मला हल्ली दिसत नाही. टीव्हीवरचं तर मुळीच नाही. जे मी बघितलं नाही त्यावर मी तुमच्यापुढं बोलले. ज्यांनी ते काम केलं त्यांना मी भित्री म्हटलं, ते शब्द मी परत घेते.”

सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, पहिल्यापेक्षा जोरात. त्या टाळ्यांत दया होती आणि ती सेजलला काट्यासारखी टोचली. इतके दिवस लपवलेली गोष्ट आतेला पन्नास माणसांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगावी लागली होती. चहाच्या वेळी बायका तिला हाताला धरून खुर्चीवर बसवत होत्या, कप हातात देत होत्या. एरवी आते असला हात झटकून टाकायची. आज तिनं नाही झटकला.

स्कूटरवरून घरी जाताना बाईंनी वाटेत पोदेराच्या बेकरीपाशी थांबून उंडे पाव घ्यायला लावले. घरी आल्यावर पिशवी मेजावर ठेवून म्हणाल्या, “कधीपासून?”

सेजलला रडू आलं. सगळंच खोटं नव्हतं, ती म्हणाली, अधूनमधून फक्त. कुठले कुठले भाग ते तिलाही आठवत नव्हतं.

“तेच तर,” बाई म्हणाल्या. “आता मला तरी कुठं कळणार?”

त्या ओरडल्या नाहीत. जन्मभर पोरांना सांगितलं की दिसतं तेच काढा, आणि आज मी काय केलं, एवढं बोलून देवापाशी दिवा लावायला गेल्या. सेजलला वाटत होतं की त्यांनी आपल्याला दोष द्यावा. त्या स्वतःलाच देत होत्या.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी सेजलनं तो भाग एकटीनं बघितला. अर्चना म्हणाली तसंच होतं. मिओचा हात रेडिओकडे जातो, थांबतो, परत येतो आणि पुन्हा जातो. हे परत येणं तर अर्चनानंही सांगितलं नव्हतं. आतेला हे किती आवडलं असतं. सांगायला ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, पण आता आपल्या सांगण्याला काय किंमत, असं वाटून तशीच माघारी वळली. पुढचे भाग बाईंनी तिच्याबरोबर बघितले नाहीत. त्यांनी अर्चनाचा नंबर मिळवला होता. रविवारी अर्चना फोनवरून एकेक भाग सांगायची, बाई पलंगावर बसून हुंकार द्यायच्या आणि सेजल शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची.

शेवटी एक दिवस ती वाचनालयात कृष्णनाथांकडे गेली आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. आतेची चूक नव्हती, माझी होती, लोकांना सांगा, म्हणाली. कृष्णनाथांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले की बाईंना चुकीचं कोणीच समजत नाही, उलट सगळे हळहळतात. मग जरा अडखळत त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. तालुक्याच्या चित्रकला स्पर्धेला दरवर्षी बाई परीक्षक असतात. यंदा समितीनं दुसरं नाव ठरवलं होतं. बाईंना त्रास नको म्हणून.

“पण ती चूक माझी होती,” सेजल पुन्हा म्हणाली.

“होय गो,” कृष्णनाथ म्हणाले. “पण डोळे गेलेत ना ते खरंच?”

आपण खरं सांगितलं की काहीतरी जागेवर येईल, अशी तिची समजूत होती. काहीच जागेवर आलं नाही.

परीक्षक नसल्या तरी स्पर्धेला जायचं, असं बाईंनीच ठरवलं. सेजल त्यांना घेऊन गेली. शाळेच्या व्हरांड्यात चित्रं दोरीला टांगली होती. माणसं बाईंना नमस्कार करत आणि त्यांच्याऐवजी सेजलला विचारत, बाई बऱ्या आहेत ना? एक लहान मुलगी आपलं चित्र दोरीवरून काढून घेऊन आली आणि बाईंच्या समोर धरून उभी राहिली. बाईंच्या डोळ्यांबद्दल तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

बाई खाली वाकल्या. मग सेजलकडे न बघता म्हणाल्या, “सांग.”

सेजलनं चित्र नीट बघितलं. नदी आहे, ती म्हणाली. हिरवट निळी. पलीकडे माड. मध्ये होडी, पण होडीचा रंग रेषेबाहेर पसरलाय. होडीत दोन माणसं, एकाच्या हातात वल्हं आहे. दुसऱ्याच्या हातात काय आहे ते मला कळत नाही आते. जाळं असेल, नाहीतर पिशवी.

बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या मुलीकडे वळल्या आणि अगदी सहज विचारलं, “होय ना बाय? बरोबर सांगितलं हिनं?”

“होय,” ती मुलगी म्हणाली. “ते जाळं आहे.”

सेजलचे कान तापले. बाईंनी तेवढ्यात त्या मुलीला नदीच्या पाण्याबद्दल काहीतरी विचारलं होतं आणि दोघी बोलायला लागल्या होत्या. सेजल बाजूला उभी राहिली. पुढच्या चित्रापाशी पोचल्यावर आते पुन्हा विचारील, आणि विचारून झाल्यावर पुन्हा कोणालातरी विचारून खात्री करून घेईल, हे तिला आता कळलं होतं. तिनं बाईंचा हात धरला आणि पुढचं चित्र बघायला लागली.