लिंबू, कुंकू आणि रूपाचं नाव

दुष्काळाच्या त्या वर्षी औरंगपुऱ्यातल्या टँकर बुकिंगच्या ऑफिसात सर्जेराव महाराजांनी कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर लिंबू फिरवलं, ऑपरेटर पोरीनं आपलं नाव परत टाकलं आणि दोन तास अडून बसलेलं यंत्र खटकन उघडलं. गर्दीनं हात जोडले. सगळ्यांत आधी मॅनेजर मधुसूदनरावांनी.

"यंत्राचा दोष नाय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "सर्व्हरचं नाव मोठ्या अक्षरात लिवा, बारीक अक्षरात लिवा, ते गुमान घेतंय. पण ह्या पोरीचं नाव आलं की तोंड फिरवतंय! नावातच राहू बसलाय. हिच्या जागी माझा भाचा बसवा."

ऑपरेटर रूपाचे कान तापले. तीन वर्षांची नोकरी एका लिंबानं जाणार होती! पण महाराजांचं एक वाक्य तिच्या डोक्यात अडकलं. मोठी अक्षरं, बारीक अक्षरं. याला कसं ठाऊक? सकाळी पूजेला आला तेव्हाही यानं कीबोर्डवर लिंबू फिरवलं होतं, आणि वरच्या कोपऱ्यात कुंकवाचा जाड टिळा लावला होता.

तिनं ओढणीनं टिळा पुसला. खाली इवलासा दिवा होता, विझलेला.

"महाराज, लिंबू परत फिरवा की."

"कशाला?"

"दर्शन व्हावं म्हणून."

गर्दीपुढं नाही कसं म्हणणार? लिंबू फिरलं. दिवा हिरवा पेटला. रूपानं लॉगआउट करून नाव टाकलं. सगळी अक्षरं मोठी उमटली. यंत्र अडलं.

देवगाव रंगारीच्या आवडाबाई सकाळपासून टँकरसाठी उभ्या होत्या. रूपानं त्यांचं बोट धरून कॅप्स लॉकवर, मोठ्या अक्षरांच्या बटणावर, टेकवलं. "दाबा, मावशी." दिवा विझला. रूपानं नाव परत टाकलं. ते बारीक अक्षरात उमटलं, यंत्र उघडलं.

"सर्व्हरच्या नावाला लहान-मोठं अक्षर सारखंच. माणसाचं नाव मात्र नोंदवलंय तसंच लागतं, आणि माझं बारीक अक्षरात नोंदवलंय. पासवर्ड नुसता आकड्यांचा, त्याला फरक पडत नाही. लिंबाखाली हे बटण दाबलं जायचं आणि कुंकवाखाली दिवा झाकायचा. एवढाच राहू!"

"अगं बया! म्हंजी चमत्कार म्याबी केला व्हय?" आवडाबाई बोटाकडं बघत म्हणाल्या. हशा उसळला. त्या हशात महाराज पायऱ्या उतरून रिक्षात बसलेसुद्धा.

मधुसूदनराव ओशाळून म्हणाले, "रूपाताई, पहिला टँकर देवगावचा काढा."

"काढते. पण साहेब, यापुढं काही अडलं की आधी विचारायचं, कुणी काय दाबलं? उत्तर मिळेपर्यंत हात जोडायचे नाहीत. हातांना दुसरी कामं आहेत."