भारलेली उशी

दुपारी अडीच वाजले की त्या जिन्यावर चपलांचा ढीग पडे. पहिल्या मजल्यावर दोनच खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत तीस-चाळीस माणसं दाटीवाटीने बसलेली, आतल्या खोलीचं दार लोटलेलं, आणि दारासमोर खुर्ची टाकून सावलीबाबा. आत दीड वर्षाची चिमी कठड्याच्या पलंगात झोपलेली. तिच्याशिवाय आत कोणी नाही, हे चौघांनी पलंगाखाली वाकून पाहिलेलं.

"कोणी खोकू नका," बाबा हळूच म्हणाला. "थोरला भाऊ खिडकीपर्यंत आलाय. लाजरा जीव आहे. गर्दी बघून परत फिरेल. हं… आला. बहिणीच्या उशाशी बसला. उचलतोय बघा."

आतून धप्प असा आवाज आला. बाबाने दार ढकललं. चिमी पलंगाबाहेर उभी होती. कठडा तिच्या डोक्याच्याही वर, आणि ती खुशाल खुंटीवरच्या शाळेच्या दप्तराला लोंबकळत होती. दप्तर तिच्या भावाचं. भाऊ आठ महिन्यांपूर्वी तापाने गेला होता, सहा वर्षांचा होऊन.

लोकांनी हात जोडले. कोणी हुंदके देऊ लागलं.

चिमीची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लाजरा, हा शब्द तेवढा तिला खटकला. तिचा लेक लाजरा कधीच नव्हता. पाहुणे आले की स्टुलावर चढून गाणी म्हणायचा. पण खटकलं ते तिथेच राहिलं. आठ महिने तिचं असंच चाललं होतं. लाँड्रीत उभं राहून ती दिवसाला शंभर शर्ट इस्त्री करी, घरी येऊन चिमीला भरवी, आणि कुणी विचारलं, "कशी आहेस?" तर "बरी आहे" म्हणे. बरं किंवा वाईट, आत काही हलतच नव्हतं. लेक येतो म्हणतात, मग निदान तो धप्प आवाज ऐकून तरी छातीत काही होईल, या आशेने ती रोज अर्धी सुट्टी टाकून घरी येई. काही होत नसे.

सुरुवात साधीच झाली होती. सासूबाईंनी चिमीला झोपवलं, भांडी घासायला गेल्या, परत येऊन पाहतात तर पोर पलंगाबाहेर, नातवाच्या दप्तराशी. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. शेजारणीने सावलीबाबाला आणलं. गेलेल्यांच्या सावल्या त्याला दिसतात म्हणे. त्याने पलंगाभोवती तीन फेऱ्या मारल्या, आणि तिथल्या तिथे दोन हुकूम सोडले. पलंग खिडकीखाली घ्या आणि खिडकी उघडी ठेवा, भावाला यायला वाट हवी. दुसरं, ही भारलेली उशी पलंगाच्या कोपऱ्यात ठेवा, त्याला बसायला. उशी कसली, ठासून भरलेला विटेसारखा ठोकळा होता. त्या दिवसापासून चमत्कार चुकला नाही. आता बाहेरची खोली कायमची दरबारासाठी द्यावी, असं बाबाने सुचवलं होतं. चिमीच्या आईला तिचा नवरा म्हणाला, "आई म्हणतेय, देऊन टाकू. तुझं काय?" ती म्हणाली, "द्या."

पुढच्या गुरुवारी बालवाडीच्या बाई लाँड्रीत आल्या. रस्त्यापलीकडे समोरच त्यांची बालवाडी. चिमीचा भाऊ दोन वर्षं त्यांच्याकडे होता.

"काल चिमी खिडकीत उभी होती, माहीत आहे?"

"माहीत आहे. सासूबाईंनी उतरवलं. बाबा म्हणाले, भावाने धरलं होतं."

"मी समोरून बघत होते. कोणी धरलं नव्हतं. एक हात खिडकीच्या फळीला, एक हात माझ्याकडे बघून हलवत होती. खाली फरशी आहे."

आईने कॉलर उलटी करून इस्त्री फिरवली. मग म्हणाली, "बाई, तो येत नसेल, तर मग तो कुठेच नाही."

त्या म्हणाल्या, "त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण माझ्या हाताखालून दीडदोनशे पोरं गेलीत. दीड वर्षाचं पोर माकडाला मागे टाकतं. मी म्हणते म्हणून मानू नका. रविवारी दरबार नसतो ना? कपाटाआड बसून स्वतः बघा."

रविवारी आईने आधी खिडकी लावून घेतली आणि बाईंसोबत कपाटाआड बसली. तासाभराने चिमी जागी झाली. हाक मारली नाही, रडली नाही. उभी राहिली. मग कोपऱ्यातल्या उशीवर एक पाय ठेवला, मग दुसरा. कठडा आता तिच्या काखेपर्यंत आला. तिने पोट कठड्यावर टाकलं, उजवी टाच वर अडकवली, जीभ बाहेर काढून जोर केला, आणि पलीकडे हातांनी लटकून धप्पकन उतरली. तोच आवाज. मग सरळ दप्तराकडे गेली, खालच्या कप्प्यात हात घातला, रंगखडू काढला आणि चावायला लागली.

बाईंनी तिला परत पलंगात ठेवलं आणि उशी काढून घेतली. चिमीने टाच वर टाकून पाहिली, तीनदा. पोचली नाही. मग मात्र भोकाड पसरलं.

"पहिल्या दिवशी तर उशी नव्हती. पलंगात काय होतं?" बाईंनी विचारलं.

"गोधडी," दारातून सासूबाई म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कळलंच नव्हतं. "घडी घालून मीच ठेवली होती." एवढं बोलून त्यांनी रडणाऱ्या चिमीला उचलून घेतलं.

आईच्या छातीत त्या वेळी पहिल्यांदा काहीतरी हललं. ते दुःख नव्हतं. भीती होती. रोज दुपारी आपण त्या पोरीला पायरी देत होतो, आणि पायरीच्या वर खिडकी उघडून ठेवत होतो.

सोमवारी दरबार भरला. बाबाने खुर्चीतूनच दार लोटायला हात पुढे केला, तर आई उंबऱ्यात उभी.

"आज दार उघडं राहील."

"डोळ्यांसमोर सावली येत नसते, ताई."

"मग उशी काढते. माझ्या लेकाला बसायला उशी कधी लागली नाही."

"आसन काढलं तर तो रुसेल," बाबा घाईने म्हणाला. "अश्रद्धेच्या वाऱ्याने सावली विरते, हे शास्त्र आहे…"

बोलाचालीने चिमी जागी झाली. तिने चाळीस माणसं पाहिली आणि खूष झाली. उशीवर चढली, टाच अडकवली, सगळ्यांच्या देखत कठड्यावर आडवी झाली. मागून एक म्हातारा हसला, "अरे, ही तर स्वतःच चढतेय." आईने तिला वरच्या वर झेलली आणि उशी बाबाच्या मांडीवर ठेवली.

"हिची पायरी होते. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण पोर खिडकीत चढेल, हे माहीत नव्हतं, की होतं?"

बाबा शास्त्राबद्दल आणखी काही बोलला, पण लोक त्याच्याकडे बघत नव्हते. तो जिन्यावर बराच वेळ आपल्या चपला शोधत होता.

गर्दी पांगली. एक बाई मात्र हलेना. तिचा मुलगा विहिरीत गेला होता; पुढच्या आठवड्यात बाबा तिच्या घरी येणार होता.

"तुम्ही हे का केलंत?" ती म्हणाली. "तुमचं काय जात होतं?"

"ही जात होती," आई म्हणाली. "मी तुमच्यापेक्षा वेगळी नाही. तो यावा असं मला आजही वाटतं. पण यावा असं वाटणं आणि तो येणं एक नव्हे. ते एक समजून मी डोळे मिटून उभी राहिले, आणि जी आहे तिच्याकडे बघायचं राहून गेलं. तुमच्या घरी आणखी कोणी आहे?"

"मुलगी आहे. तीन वर्षांची."

"मग घरी जा. ती काय करतेय ते बघा. आणि कोणी काही दाखवलं, तर दार उघडून, उजेडात, स्वतः बघा. रडू आलं तर रडा, पण बघा."

ती बाई गेली. संध्याकाळी बालवाडीच्या बाईंनी आणि नवऱ्याने मिळून पलंग बाजूला काढला आणि गादी जमिनीवर अंथरली. चढणाऱ्या पोराला पडायला उंचीच ठेवायची नाही, एवढाच त्यावरचा उपाय, असं बाईंनी सासूबाईंना समजावलं. दप्तर मोकळं करताना आईला कप्प्यात सात खडू मिळाले, सातही चिमीच्या दातांनी कुरतडलेले. ती ते मुठीत धरून गादीवर बसली. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की आपण रडतोय.