हलत्या कुरणावरचा बर्फ

लुइझियानाच्या आमच्या दलदलीत बर्फ पडलेला आमच्या घरात फक्त आईने पाहिला होता, तोही तिच्या लहानपणी. त्यामुळे त्या रविवारी उपासना सुटून चर्चचे दार उघडले आणि बाहेर सगळे पांढरे दिसले, तेव्हा आम्ही पायरीवरच थबकलो. मग एकेका म्हाताऱ्याचे पोर झाले. चर्चचा कारभार बघणारे ओझेम डीकन तर ओंजळभर बर्फ तोंडाशी नेऊ लागले.

"घरी जाऊन दूधसाखरेत कालवून खा हो," माझी मोठी बहीण अर्लीन म्हणाली. "या बर्फावरून तुमचेच बूट गेलेत. चला, पायरीवर उभे राहा सगळे. फोटो काढते. पुन्हा कुणाच्या नशिबात आहे हे?"

"ताई, वरचा क्रूस आला पाहिजे हं," मी म्हटले.

"येईल. तू पोट आत घे म्हणजे बाकीचेही येतील."

फोनवर डोळे लावून ती मागे सरकू लागली. एक पाऊल, अजून एक. रस्ता ओलांडला. क्रूस काही मावेना, म्हणून ती आणखी मागे गेली.

रस्त्यापलीकडे कुरण आहे. अलीकडचे जमिनीवर, पलीकडचे पाण्यावर तरंगते. गवताची आणि मुळांची ती एक जाड गोधडीच. खाली माणूस बुडेल एवढे काळे पाणी. इथे जन्मलेल्याला हे सांगावे लागत नाही. गवताचा रंग फिका झाला की पाऊल आपोआप थांबते. पण आज रंगच नव्हता. सगळे एकसारखे पांढरे, एकसारखे निर्मळ.

तिच्या भोवतालचा बर्फ हलला. वारा नव्हता. चादरीखाली कुणी कूस बदलावी तसा तो फुगला आणि बसला.

ताईने फोन खाली केला. "वर्नेल," एवढे माझे नाव फक्त घेतले.

साप दिसला की आमची ताई आधी पळते आणि मग साप कुठे होता ते विचारते. आणि त्या गोधडीवर पळणाऱ्याची टाच आरपार जाते. वरचे गवत लगेच मिटते. माणूस कुठून गेला ते शोधूनही सापडत नाही. तिची टाच उचललेली मला दिसली. मी ओरडणार, तोच ओझेमनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "ओरडलीस तर ती धावेल," ते पुटपुटले.

तेवढ्यात मागून सूर आला.

तो नार्सिस साहेबांचा. ते आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. त्यांचे प्रवचन बोलण्यात सुरू होते आणि गाण्यात संपते. त्या गाण्याने मला दोन बाळंतपणांतून आणि एका वैधव्यातून तारले आहे. पण त्या क्षणी मला त्याची धास्ती वाटली. साहेब एकदा तापले की थांबत नाहीत, आणि ते तापले की ताईचे पाय थांबत नाहीत. पुढच्या बाकाखालची फळी तिच्या नाचण्याने दोनदा बदलली आहे.

पण साहेबांनी सूर खाली धरला. जुने लोक मयतीला धरत तसा, ओढून, सावकाश.

"बस गं बाई, हळूच बस..."

त्यांनी ओळ द्यायची आणि आम्ही ती उचलायची, ही आमची रीत. आम्ही उचलली.

"प्रभूच्या पायाशी हळूच बस..."

ताईची टाच खाली आली. माझे ती आयुष्यात कधी ऐकत नाही, पण या सुराला तिने कधी उलट उत्तर दिलेले नाही. ती बसली. गुडघ्यांभोवती बर्फ काळा झाला.

"आडवी हो बाई, हात पसर..."

ती पोटावर आली. साहेबांचा आवाज मध्येच चढला, नेहमीच्या जागी, आणि मला तिचा पाय थरथरताना दिसला. देवा, आता नको, मी मनात म्हटले. साहेबांनी श्वास गिळला. सूर पुन्हा जमिनीला लागला.

ओझेम आणि दोघांनी चर्चमधला लांब बाक आणून बर्फावरून तिच्याकडे सरकवला. "रांगत ये बाई, लेकरासारखी..." ती रांगली. कोपर आत गेले, ती थांबली, आम्ही तीच ओळ पुन्हा घोळवली. अखेर तिची बोटे बाकाला लागली आणि पुरुषांनी तो ओढून घेतला. ती रस्त्यावर आली तेव्हा ओठ निळे होते. मी माझा कोट तिच्यावर टाकला, तिला मिठीत घेतले. मीही तिच्याइतकीच कापत होते.

साहेब मात्र गातच होते. डोळे घट्ट मिटलेले, गालांवरून पाणी. ताईची टाच उचललेली दिसली त्यानंतर त्यांनी काहीच पाहिले नव्हते, बाक सरकल्याचा आवाज तेवढा ऐकला होता. पाहायची छाती झाली नव्हती.

"पुरे, साहेब," ताई म्हणाली. "आले मी."

त्यांनी डोळे उघडले आणि पायरीवर मटकन बसले.

मी कुरणाकडे पाहिले. तिच्या पावलांचे ठसे रांगेने गेले होते, आणि शेवटचे पाण्याने भरून काळे झाले होते. वरून बर्फ पडतच होता. बघता बघता तेही पांढरे झाले. घरी जायची वाट त्याच कुरणाच्या कडेने जाते. पण ती कड आता दिसत नव्हती; पायरीवर परतलेल्यांपैकी कुणीच पायरी सोडेना.